सिमल्याला गेलेले स्वेटर

सिमल्याचं पत्र आलं तेव्हा रूपरावांच्या घरात एकच स्वेटर होता, आणि त्याच्याही दोन्ही कोपरांना भोकं पडलेली होती.

रूपराव समुद्रपूरच्या एका कृषी शाळेच्या शेतावर नोकरीला होते. त्या शेतात चार उंच पायांवर उभी असलेली एक पांढरी, झडपांची पेटी होती आणि पेटीत थर्मामीटर होता. रोज सकाळी साडेआठला पेटी उघडायची, रात्रीचं सगळ्यात कमी तापमान किती होतं ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि महिनाअखेरीस वही वरच्या ऑफिसला पाठवायची. हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. लग्नं झाली, मयती झाल्या, मुलीचं बाळंतपण झालं, एकदा खुद्द त्यांना टायफॉइड झाला, पण साडेआठ चुकले नाहीत. म्हणून नव्याण्णव सालच्या जानेवारीत सिमल्याला हवामान निरीक्षकांची परिषद भरणार होती तिथे त्यांचा सत्कार ठरला. दहा मिनिटं बोलायचंही होतं. आयुष्यात रूपरावांचं बोलणं सलग दहा मिनिटं कोणी ऐकलं नव्हतं, घरात तर नाहीच.

अडचण अशी की एकही दिवस न चुकवल्याचा सत्कार घ्यायला गेलं, तर आठ दिवस चुकणार होते. ऑफिसनं त्यावर तोड काढून पत्रातच लिहिलं होतं, की घरच्या जबाबदार माणसाकडून नोंद घ्यावी. घरी माणूस एकच होतं, बायको कांताबाई.

"एकोणीस साल मले त्या पेटीजवळ फिरकू नाई देलं," कांताबाई म्हणाल्या. "म्हैस चालली, पण मी नाई चालली."

"आता चालून राह्यली ना! नीट आयक. झडप हळूच उघडाची. हात लावाचा नाई. आन श्वास रोखून धराचा. तोंडाची वाफ लागली का आकडा बिघडते."

"मंग वाचू कवा, मेल्यावर?"

रूपरावांनी तीन दिवस शिकवणी घेतली. नळीतली काळी काडी जिथे अडली असेल तिथला आकडा वाचायचा, एवढंच काम होतं आणि कांताबाई पहिल्याच दिवशी शिकल्या. पण रूपरावांचा जीव काही शांत होईना. ज्या वहीत एकोणीस वर्षं दुसऱ्याचं अक्षर नाही, ती वही बायकोच्या हाती द्यायची होती. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक काम केलं. पुढच्या आठ दिवसांच्या रकान्यांत पेन्सिलीनं बारीक आकडे लिहून ठेवले. तेरा, साडेबारा, तेरा, पुन्हा तेरा.

"हे काय होय?" कांताबाईंनी विचारलं.

"संक्रांत झाली, आता थंडी गेली. एवढंच राह्यते. तुले समजलं नाई तं यावरच पेन फिरवजो."

कांताबाईंनी वही मिटून फडताळात ठेवली. त्यांचं वाद न घालणं कधीच साधं नसतं, हे रूपरावांना पंचवीस वर्षांत कळायला हवं होतं.

मग कपड्यांचा प्रश्न आला. वर्धा जिल्ह्यात माणूस पंखा घ्यायला कर्ज काढेल, पण गरम कपडा एक असला तरी त्याला पुष्कळ वाटतं. तरी गल्ली मदतीला धावली. शिवाय थंडी गेली असं खुद्द थर्मामीटरवाला सांगतो, म्हटल्यावर ठेवायचं कशाला? कापड दुकानदार मोतीलाल सेठनं लग्नातला तपकिरी कोट दिला. रिटायर मास्तर लक्ष्मणरावांनी माकडटोपी, मफलर आणि हातमोजे दिले. समोरच्या देवकाबाईंनी अंगावरची शाल काढून दिली. चार घरांतून चार स्वेटर आले. स्वतःच्या घरातली एकुलती एक रजई वळकटीत बांधली गेली. मोतीलालनं वर आपला कॅमेराही दिला.

"रूपरावभाऊ, कोट घालून बर्फात एक फोटो काढजा. दुकानात लावतो," तो म्हणाला.

"तुमाले लागन ना सेठ, कोट?"

"अरे, तुमीच तं म्हणता थंडी खतम. भरोसा आहे आपला तुमच्यावर."

हा भरवसा आणि दोन वळकट्या घेऊन रूपराव हिंगणघाटहून दिल्लीच्या गाडीत बसले.

सिमल्यात ते उतरले तेव्हा लखलखीत ऊन पडलं होतं. आकाशात औषधाला ढग नव्हता. रस्त्यावरच्या बाकांवर माणसं ऊन खात, शेंगदाणे सोलत बसली होती आणि त्यांच्यासमोरून माकडटोपी, मफलर, शाल आणि तपकिरी कोट चालले होते. आत कुठेतरी रूपराव होते. "बर्फ?" असं त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं, तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला, की इस साल रूठी है.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बूथवरून मोतीलालच्या दुकानात फोन लावला. गल्लीत फोन तेवढाच होता.

"कोण, रूपरावभाऊ?" मोतीलालचे दात तारेतून वाजत होते. "पह्यले माझा कोट पाठवा! पार्सलनं पाठवा!"

"काऊन? काय झालं?"

"काय झालं म्हणता? लोकं दुकानातले चादरीचे तागे गुंडाळून बसले, एक बी विकला नाई. थांबा, वहिनी आल्या."

कांताबाईंचा आवाज आला. "अजी, आज तीन पॉइंट नऊ झालं."

"तेरा पॉइंट नऊ म्हण."

"तीन. आन तीनाच्या पह्यले एक नाई."

"कांते, तुह्या वाचण्यात चूक झाली. समुद्रपुरात एकोणीस वर्षांत सातच्या खाली आकडा गेला नाई. मी पेन्सिलीनं लिवून ठेवलं ना? त्यावर पेन फिरव आन मोकळी हो."

तिकडे मोतीलालचे दात पुन्हा वाजले.

"मी श्वास रोखून तीनदा वाचलं," कांताबाई म्हणाल्या. "जे दिसलं थे लिवलं, पेनानं. रजई तुमच्याजवळ आहे. मी गोणपाट पांघरून झोपून राह्यली. मले कोणी थंडी शिकवू नका." आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात कोपऱ्याकोपऱ्यात शेगड्या लावलेल्या होत्या. सिमल्याची माणसं कोट काढून खुर्चीवर टाकून बसली होती. रूपरावांना कोट काढता येईना, कारण खाली चौघांचे स्वेटर होते आणि सगळ्यात आत स्वतःचा, भोकांचा. त्यांचं नाव पुकारलं गेलं. मानपत्र मिळालं, टाळ्या झाल्या. रूपराव माइकसमोर उभे राहिले आणि पाठ केलेलं भाषण सुरू झालं. पाच मिनिटं छान गेली. मग ते वाक्य आलं, जे त्यांनी महिनाभर घोटलं होतं: "एकोणीस वर्षांत मी एकही आकडा मनानं लिहिला नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना वहीतला पेन्सिलीचा तेरा दिसला. नंतर साडेबारा दिसला. मग पुन्हा तेरा. कपाळावरून घामाची धार निघाली ती मफलरमध्ये शिरली. लोकांना वाटलं, गृहस्थ भारावले. टाळ्या दुप्पट झाल्या. एका भल्या माणसानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि रूपरावांनी तो घटाघटा संपवला. त्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती त्यांनी भर टाळ्यांत उभ्यानं सोसली. उरलेलं भाषण ते बोललेच नाहीत.

समुद्रपूरच्या बसस्टँडवर ते उतरले तेव्हा अख्खी गल्ली हजर होती. रूपरावांचं मन भरून आलं. त्यांनी मानपत्र वर धरलं. पण मानपत्राकडे कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे वळकट्यांकडे पाहत होते. मोतीलालनं तिथल्या तिथे त्यांच्या अंगातला कोट उतरवला. लक्ष्मणरावांनी टोपी ओढली. पाच मिनिटांत रूपराव स्वतःच्या भोकांच्या स्वेटरवर आले.

देवकाबाईंनी शाल पांघरली, दोन्ही टोकं घट्ट आवळली आणि मग मायेनं विचारलं, "बर्फ पाह्यलं का बाप्पा?"

"नाई माय. पडलंच नाई तिकडं."

"आमी पाह्यलं," देवकाबाई म्हणाल्या.

लक्ष्मणराव पुढे सरसावले. "शाळेच्या शेतात कुटाराचा, भुशाचा ढीग आहे ना, उघड्यावर पेटीपेक्षा गार राह्यते, तं त्याच्यावर दव गोठून पांढराफेक थर जमलता. मी चमच्यानं खरवडून ताटलीत घेतला. घरोघरी दाखवला. मोतीलालच्या दुकानापावतर टिकला गड्या."

"फोटो काढाचा होता," मोतीलाल म्हणाला, "पण क्यामेरा बर्फाचा फोटो काढाले सिमल्याले गेलता."

सगळे हसले. रूपरावही हसले, पण जरा उशिरा.

घरी कांताबाईंनी वही पुढे ठेवली आणि चहा टाकायला गेल्या. आठ रकान्यांत आठ आकडे होते, टपोऱ्या अक्षरात, निळ्या शाईचे. सहा, पाच पॉइंट दोन, तीन पॉइंट नऊ... प्रत्येकाच्या शेजारी रूपरावांचा पेन्सिलीचा आकडा दात काढून हसत होता. कांताबाईंनी एकही खोडला नव्हता. रूपरावांनी खोडरबर शोधलं.

"काय खोडून राह्यले?" कांताबाईंनी दारातून दरडावलं.

"माहा आकडा," रूपराव म्हणाले. "तुहा बरोबर होता."

कांताबाई चहाचा कप ठेवून उभ्या राहिल्या. आठही आकडे पुसून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग शेरा लिहायच्या जागी रूपरावांनी लिहिलं: नोंद बरोबर. निरीक्षक, सौ. कांताबाई. चहात त्या दिवशी साखर जास्त होती.

फेब्रुवारीत ऑफिसचं पत्र आलंच. तीन पॉइंट नऊ हा आकडा शंकास्पद वाटतो, खुलासा करावा. रूपरावांनी खुलासा लिहिला आणि त्याला गल्लीतल्या सतरा जणांच्या सह्यांचं निवेदन जोडलं. निवेदन लक्ष्मणराव मास्तरांनी तयार केलं होतं: सदर तारखेस आमचे सर्व गरम कपडे सिमला येथे असल्यामुळे, ही थंडी आम्ही स्वतः अंगावर मोजलेली आहे. आकडा मान्य झाला.

पुढच्या डिसेंबरात आणखी एक पत्र आलं. या वेळची परिषद देहरादूनला होती. त्या नोंदीविषयी ज्यांनी ती घेतली त्यांनीच येऊन सांगावं, असं लिहिलं होतं आणि लिफाफ्यावर नाव कांताबाईंचं होतं.

गल्लीत बातमी पसरली तशी पटापट दारं लागली. स्वेटर कोणी दिला नाही. कांताबाईंनी मागितलाही नाही. जुना भोकांचा स्वेटर उसवून त्यांनी नवा विणला आणि रजई घरीच ठेवली. निघायच्या सकाळी साडेआठला त्या रूपरावांना पेटीपाशी घेऊन गेल्या.

"अवं, मले काय शिकवतं? वीस साल झाले," रूपराव म्हणाले.

"श्वास रोखून धरा," कांताबाई म्हणाल्या.

रूपरावांनी श्वास रोखला. कांताबाईंनी त्यांच्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, आपल्या पिशवीत टाकली आणि बसस्टँडकडे निघाल्या.