मालकाला काय ठेवलं?

तांबोळी मामांना बसायची लाज वाटायची. खोलीत एक जरी माणूस उभा असला तरी ते उभे राहायचे. कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत कुणी ना कुणी उभं असायचंच, त्यामुळे मामा खुर्चीला टेकलेले दिसत, खुर्चीत कधीच नाही. वडापाव आले की पुडा सगळ्यांपुढे फिरवत. तो परत त्यांच्यापाशी येईपर्यंत त्यात तळलेली मिरची तेवढी उरलेली असे. "आपलं काय, मागनं बघू," म्हणत ते ती खात आणि डोळे पुसत.

शिरूरच्या त्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो आणि मामा ते सांभाळायचे. आधी कारेगावला कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता आमच्याकडे कंत्राटावर. मी तेव्हा सॉफ्टवेअरच्या चोरीच्या सीडींविरुद्ध पत्रकं काढत असे. विंडोजऐवजी लिनक्स वापरा सांगणारं 'सॉफ्टवेअर सगळ्यांचं!' हे माझं पत्रक एसटी स्टँडवर लोकांनी भज्यांखाली घेतलं. वाचलं एकट्या मामांनी. म्हणाले, "सर, ह्ये लिनक्स फुकाट हाय म्हंता. मंग घ्यायला लाज न्हाई वाटत?"

पुढे ऑफिस, प्रवेश, ग्रंथालय आणि लॅब अशी चारही जुनी मशिनं एकदम मरायला टेकली, तेव्हा प्राचार्यांनी एकच मोठा सर्व्हर घेतला. त्यावर लिनक्स टाकायचं आणि लिनक्सवर हायपरवायझर, असं मी ठरवलं. हायपरवायझर म्हणजे एकाच मशीनच्या पोटात चार वेगळी मशिनं चालवणारा प्रोग्राम. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. मामांना हे पटकन समजलं. "म्हंजी आमच्या शिक्रापूरच्या खोल्या की! घर येक, भाडेकरू चार. ज्यानं त्यानं आपलं दार लावायचं." त्यांनी मन लावून सगळं उभं केलं. त्यानंतर सर्व्हर रिस्टार्ट करायची वेळ आली की आधी त्याच्या पत्र्यावर बोटानं टकटक करत. "आत लोकं हायत, सर."

प्रवेश सुरू झाले. पोरांची रांग जिन्यापर्यंत गेली आणि सर्व्हर रांगायला लागला. मग प्रवेशाचं मशीन बंद पडलं. चालू केलं, पुन्हा पडलं. प्राचार्य सगळ्या रांगेदेखत ओरडले, "तांबोळी, लाज आणलीत! उद्या पुन्हा असं झालं तर पुण्याची कंपनी बोलावतो. मग तुमचं इथं काय काम?"

मामा चोरी करताना सापडल्यासारखे उभे होते.

मी मेमरी किती वाटली आहे ते पाहिलं. एकूण आठ जीबी. चार मशिनांना दोन-दोन. ज्या लिनक्सच्या जिवावर ही चारही चालायची, त्याच्यासाठी शून्य.

"मामा, मालकाला काय ठेवलं?"

"मालकाला?" मामांना प्रश्नच विचित्र वाटला. "त्यो मागनं खाईल की."

"मागं उरलंय काय?"

भुकेनं कासावीस झालेल्या मालकानं जास्त खाणाऱ्या भाडेकरूचाच, म्हणजे प्रवेशाच्या मशीनचा, गळा धरला होता.

"प्रत्येकाची मेमरी थोडी थोडी कमी करा."

मामांचा हात कीबोर्डपर्यंत गेला आणि मागे आला. "वाढल्याल्या ताटातनं काढून घ्यायचं? न्हाई सर. लाज वाटती."

मीच केलं असतं, पण दुसऱ्याच्या हातचं काम काढून घेण्याविरुद्ध माझं एक पत्रक होतं. म्हणून मी भाषण केलं. ओझं वाहणाऱ्याचा पहिला हक्क, वगैरे. मामांनी ते उभ्यानं ऐकलं आणि म्हणाले, "चला, घरी जेवायला चला."

शिक्रापुरात हायवेला लागून त्यांचं घर. ट्रक गेला की भिंतीवरची भांडी वाजायची. चारही खोल्यांत कारखान्यातली बिहारी पोरं आणि मामांची खाट बोळात, जिन्याखाली.

"भाड्यासाठी न्हाई वो," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "बायको गेली, पोरी वरवंडला दिल्या. रिकामी खोली बघवंना. घरात कुनीतरी खोकलं पायजे, सर."

भाकऱ्या त्यांनीच थापल्या. मला वाढलं, पोरांना वाढलं.

"चाचा, आप भी बैठिए ना."

"खाया रे, कवाच खाया."

मी मालकाच्या हक्कावर बोलतच होतो. बोलता बोलता आणखी एक भाकरी घेतली, आणखी एक घेतली. पुन्हा दुरडीत हात घातला तर हाताला नुसतं फडकं लागलं. पातेलंही पुसून घेतल्यासारखं. मामा दाराशी उभे राहून तांब्यानं पाणी पीत होते.

समान वाटपावर मी किती पत्रकं लिहिली होती! मान वर होईना.

ताटातली भाकरी मी मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढे धरली. "उष्टी नाही अजून. घ्या."

"अवं सर, वाढल्यालं—"

"तुम्ही काढून घेत नाही. मी देतोय."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या ताटातला तुकडा मोडून पुढे केला. मामांचं ताट झालं. ते घेऊन मामा बोळात गेले आणि भिंतीकडे तोंड करून जेवले.

सकाळी मी कॉलेजात पोचलो तेव्हा रांग सरकत होती. मामांनी चौघांकडून अर्धा-अर्धा जीबी काढून मालकाला दिला होता.

"कुनी रडलं न्हाई, सर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुपारी प्राचार्य दारावरून गेले आणि काहीच बोलले नाहीत. आमच्या कॉलेजात याला शाबासकी म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही.

वडापाव आले. पुडा मी आधी मामांच्या हातात दिला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, सर्व्हरकडेही पाहिलं. मग एक वडापाव उचलला, खुर्ची ओढून सर्व्हरकडे पाठ केली आणि खाली बघत पहिला घास घेतला.

खोलीत आम्ही सगळे उभे होतो. मामा बसले होते.