लाल फुलीचा रकाना

एका जंगलात, मुलांनो, एक फॉर्म होता.

जंगलात झाडं होती, तळं होतं, वाघमहाराजही होते. पण सगळ्यांत मोठा फॉर्मच होता. कोणाची काही अडचण असली की वडाखालच्या सेवा केंद्रात जायचं आणि तिथल्या स्क्रीनवर तो भरायचा. त्यात एक्क्याण्णव रकाने होते. पाय मुरगळलेल्या हरणालासुद्धा 'पंखांचा रंग' आणि 'अंडी घालता का?' हे भरावंच लागे. भरता भरता पाय बरा होई. काहींचा होत नसे.

त्यामुळे सर्वांत जास्त तक्रारी फॉर्मबद्दलच असत. त्या अर्थात त्याच फॉर्मवर कराव्या लागत.

वाघमहाराज वैतागले. म्हणाले, "फॉर्म आखूड करा."

काम सरड्याकडे गेलं. योग्यच होतं. कधी दिसायचं आणि कधी नाही, यातच त्याची हयात गेली होती. शिवाय तो बाहेरच्या जंगलातून कोर्स करून आला होता.

"महाराज, एकही रकाना काढायचा नाही," सरडा म्हणाला. "ज्याला जो लागतो, त्याला तेवढाच दाखवायचा. बाकीचे असतील, पण दिसणार नाहीत."

"माझ्यासारखे," महाराज गवतातून म्हणाले.

आणि खोटं कशाला बोलू, कल्पना चांगली होती. हरणाला सात रकाने दिसू लागले, अस्वलाला पाच. अस्वलाला इतका आनंद झाला की काही अडचण नसताना ते फॉर्म उघडून बघून गेलं.

मग खात्यांच्या लक्षात आलं, की रकाना दिसला नाही तर कामही येत नाही.

बांधखात्याचा प्रमुख रानडुक्कर होता. तो टोपलीभर नाकतोडे घेऊन सरड्याकडे आला.

"सरडेसाहेब, 'बांध' हा रकाना सगळ्यांना दिसतो. ज्याचा संबंध नाही तोही भरतो."

"मग कोणाला दिसावा?"

"जो बांधावर राहतो त्याला. त्यालाच खरं कळणार ना?"

सरड्याला ते पटलं. बांधावर राहायला मनाई आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तो नियम दुसऱ्या खात्याचा होता.

तळ्याच्या बांधाखाली, उतारावर, बारा बिळं होती. त्यांतल्या एका बिळात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिला तीन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते.

एके सकाळी साळूबाईच्या बिळाची मागची भिंत ओली झाली. ती वर जाऊन बांध पाहून आली. बांधाला भेग पडली होती. तिनं आपला एक काटा उपटून भेगेत घातला. काटा सबंध आत गेला.

ती तशीच केंद्रात पोचली. खिडकीवर कासवतात्या बसत. फार सज्जन.

साळूबाईला स्क्रीनवर चार रकाने दिसले. नाव, पत्ता, अडचण आणि 'आमची सेवा कशी वाटली?' अडचणीखाली तीन पर्याय होते: बिळाचं तोंड, बिळातली हवा, शेजारी.

"तात्या, यात बांध कुठाय?"

"तुम्ही बिळात राहता ना? मग तुम्हाला नाही दिसणार."

"अहो, पण बांध फुटला तर पाणी आमच्याच बिळात येणार!"

"आल्यावर वेगळे रकाने दिसतील," तात्या समजुतीच्या सुरात म्हणाले.

साळूबाईनं 'शेजारी' निवडलं. शेजाऱ्याचं नाव: बांध. काय त्रास देतो: अजून दिला नाही, देणार आहे. तिनं बटण दाबलं. स्क्रीनवर उमटलं, 'लाल फुलीचा एक रकाना रिकामा आहे. तो भरणे आवश्यक.'

"कुठला रकाना?"

"बांध क्रमांक," तात्या म्हणाले.

"तो मला दिसत नाही ना!"

"दिसत नाही. पण भरायला हवा."

साळूबाई सरड्याकडे गेली. सरड्यानं एक डोळा तिच्याकडे वळवला.

"बरोबर आहे. रकाना लपवला, पण तो भरायलाच हवा ही अट काढायची राहिली. दिसणं वेगळं, अट वेगळी."

"मग काढा की ती अट, साहेब. पोरं आहेत माझी खाली."

"आता कशी काढू? त्या अटीमुळे महिनाभर कोणाचाच फॉर्म जात नाहीये. तक्रारी शून्यावर आल्यात. महाराजांनी कौतुक केलंय."

साळूबाई खिडकीपाशी येऊन रडली. तात्यांना वाईट वाटलं. त्यांनी मान आत घेतली, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून पुन्हा बाहेर काढली.

"बांधावर राहायला जा," ते हळूच म्हणाले. "मी पाहणी करून पत्ता बदलतो. मग दिसेल."

साळूबाई पिल्लांना घेऊन बांधावर जाऊन बसली. तात्या पाहणीला आले. यायला-जायला त्यांना अडीच दिवस लागले. तोवर भेगेत दोन काटे शेजारी शेजारी मावू लागले होते.

पत्ता बदलला. तात्यांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर एकामागून एक रकाने उगवले. बांध. बांध क्रमांक. भेग. भेगेची रुंदी. साळूबाईनं सगळं भरलं. बटण दाबलं. फॉर्म गेला! महिन्याभरातली पहिली तक्रार, क्रमांक एक.

दुसऱ्या सकाळी रानडुक्कर बांधावर हजर झाला. साळूबाई उठून उभी राहिली.

"आलात! ही बघा भेग."

"मी भेगेसाठी नाही आलो," रानडुक्कर म्हणाला. "बांधावर राहायला मनाई आहे. उठा." बोलताना त्याचा मागचा पाय भेगेत अडकला. त्यानं तो काढून घेतला आणि नोटीस वाचून पुरी केली.

साळूबाई बांधावरून उतरली. त्याबरोबर नोटिशीप्रमाणे तिचा पत्ता आपोआप बदलला. पत्ता बदलल्याबरोबर रकाने लपले. आणि लपलेल्या रकान्यांत काही लिहिलेलं राहू नये, अशी सरड्यानं व्यवस्था केली होती. तक्रार क्रमांक एक पुसली गेली.

साळूबाई मात्र बिळात परतली नाही. तिनं पिल्लं टेकडीवर नेऊन ठेवली आणि दारोदार फिरली. सात बिऱ्हाडं तिच्याबरोबर निघाली. चार निघाली नाहीत. शेजारची घूस, ठकूकाकू, दारातच उभी होती. साळूबाईची पिल्लं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली होती.

"काकू, चला हो."

"अगं, मी आत्ताच केंद्रात विचारून आले. बांधाची एकही तक्रार नाही म्हणे. तूच पोरांना घेऊन परत ये. त्यांच्यासाठी कंद उकरून ठेवलेत."

दुपारी बांध फुटला.

मुलांनो, मला ठकूकाकू आवडायची. इथं मी जरा थांबतो.

पाणी ओसरल्यावर वाघमहाराजांनी आढावा घेतला. सरड्यानं स्क्रीन दाखवली. तक्रारी शून्य. बांधाखालची बिळं आठ, सर्व रहिवासी टेकडीवर, सुखरूप.

"बारा होती ना?" महाराजांनी विचारलं.

"ज्यांना पत्ता नाही, ते आता दिसत नाहीत, महाराज."

महाराजांनी सरड्याला शाबासकी दिली आणि त्याला घेऊन उरलंसुरलं पाणी प्यायला निघाले. तळ्याकाठी एक मोठा खडक होता. त्यावर साळूबाई काट्यानं काहीतरी कोरत बसली होती. चार नावं होती. पहिलं ठकूकाकूचं. खाली भेगेची रुंदी होती, आणि तक्रार केल्याची तारीख. खडकावर रकाने नव्हते, त्यामुळे सगळं मावलं होतं.

महाराज बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी सरड्याला बाजूला घेतलं.

"हा खडक लपवता येईल का?"

"येईल ना, महाराज. कोणाकोणाला दिसायला नको?"

महाराजांनी थोडा विचार केला.

"मला," ते म्हणाले.

तात्पर्य : फॉर्म नेहमी आखूड असावा. या गोष्टीला आणखी एक तात्पर्य आहे, पण ते फक्त बांधाखाली राहणाऱ्यांना दिसतं. तुम्हाला दिसत नसेल, तर बांध भक्कम आहे असं समजावं आणि 'आमची सेवा कशी वाटली?' हा रकाना भरून टाकावा.