जांभळीचे झाकलेले पाय

बाळांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात एक जांभूळ होती. तिचा बुंधा वर सरळ होता. जमिनीशी येताना मात्र तो लुगड्याच्या निऱ्यांसारखा पसरत जाई आणि मुळं होऊन मातीत शिरे. तिच्या ढोलीत खारूताई राहत होती.

एकदा शेजारच्या जंगलाचे राजे पाहुणे येणार असं ठरलं. लगेच सुशोभीकरण समिती नेमली गेली. अध्यक्ष लांडोरबाईंनी जांभळीकडे पाहून चोच मुरडली.

"अगं बाई! हिचे पाय उघडेच? पाहुणे काय म्हणतील?"

"झाकून टाकू की, बाईसाहेब," ठेकेदार रानडुक्कर म्हणाला. "गोल पार बांधू. आत मातीचा भराव, वर फरशी. एकदम चकाचक!"

खारूताई घाबरत खाली उतरली. "अहो डुक्करभाऊ, बुंधाच मातीत गाडलात, तर ती श्वास कुठून घेणार?"

"आधी झाडाचं नाक दाखव, मग बोल!"

सगळे खो खो हसले.

खारूताई आणखी बोलणार होती. तेवढ्यात लांडोरबाईंनी तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. पाराची पहिली रहिवासी म्हणून तिचा सत्कार झाला. शाल मऊ होती. पिल्लं झाली की पांघरुणाला होईल, असं तिच्या मनात आलं. बोलायचं सोडून ती शाल घेऊन ढोलीत शिरली.

पार झाला. पाहुणे आले, पारावर बसून जांभळं खाल्ली आणि पाराची तारीफ करून गेले.

दोन पावसाळे गेले. फरशीखाली पाणी मुरत राहिलं. बुंध्याची साल सुकेनाशी झाली. तिला आंबूस वास येऊ लागला, भूछत्र्या फुटल्या. ढोलीत आता तीन पिल्लं होती.

खारूताई धावत गेली. "बाई, जांभूळ कुजतेय हो! माती उपसा. माझ्या लेकरांना अजून उडी मारता येत नाही."

"भूछत्र्या आल्या? किती गोड!" लांडोरबाई म्हणाल्या. "आणि पानं विरळ झाली असतील, तर काजव्यांच्या माळा सोडू."

माळा सोडल्या. मग एका संध्याकाळी वारा सुटला आणि जांभूळ करकरू लागली. खारूताईनं एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या कुंभ्याच्या झाडावर नेलं. तिसरं घेऊन तिनं उडी मारली, आणि मागे जांभूळ कोसळली.

सकाळी या जंगलाचे राजे वाघमहाराज आले. त्यांनी एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास! झाड पडलं, पण पाराला साधा तडा नाही!"

रानडुक्कर लाजला.

"महाराज, माझं घर?" खारूताईनं विचारलं.

"एवढा मोठा पार आहे की बसायला!"

तोवर लांडोरबाईंची नजर कुंभ्याकडे वळली. "इश्श! याचेही पाय उघडेच."

रानडुकरानं मातीची पाटी उचलली. खारूताईनं झेप घेतली. पडलेल्या ढोलीतून तिनं ती शाल ओढून काढली, कुंभ्याच्या बुंध्याभोवती गुंडाळली आणि पुढे उभी राहिली.

"घ्या, झाकले पाय! आता मातीचा कणही टाकू देणार नाही."

लांडोरबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. "दिसतंय तसं छान," त्या म्हणाल्या. "पण गं, शालीचं उद्घाटन कसं करायचं?"

आणि त्यांनी रानडुकराला खूण केली.

तात्पर्य : झाडाची काळजी करू नये, ते आज ना उद्या पडतंच. पार तेवढा पक्का बांधावा.