तीर्थात गेलेला शिंपला

देवयानीने टेबलावरची काचेची बाटली उचलली. बाटली रिकामी होती, वर घासूनपुसून उपडी घातलेली.

चूक तिचीच म्हणा. बाटलीत होता समुद्राच्या तळाखालून काढलेल्या खडकाचा चुरा, आणि त्यात रव्याच्या कणाएवढे शिंपले. कुठल्या जातीचा शिंपला सापडतो, त्यावरून तो थर किती जुना ते कळतं. नेमकं वय सांगणारा शिंपला तिला कालच दिसला होता, अख्ख्या बाटलीत एकच. तो आज मार्गदर्शक सरांना दाखवायचा होता. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा. तो खडक काढून आणणारं जहाज काही तिच्यासाठी पुन्हा समुद्रात जाणार नव्हतं. पण सासऱ्यांनी, वेणीमाधवरावांनी, "हे काय गं?" विचारल्यावर ही बया म्हणाली, "समुद्रातली वाळू, बाबा." ज्या घरात अंड्याचं नाव काढायची चोरी, तिथे मेलेले जीव टेबलावर ठेवलेत हे सांगायचं कुणी?

आता, रामेश्वरला जाऊन वाळूची पिंड पुजायची ही वेणीमाधवरावांची जुनी इच्छा, गुडघ्यांपायी राहून गेलेली. त्यात आज श्रावणी सोमवार, आणि समुद्राची वाळू आपल्या पायांनी घरात आलेली. सोडतात होय! देवयानी देवघरात धावली, तेव्हा बोटभर पिंड पंचामृताखाली ढासळून ताम्हनात बसली होती. सासरे पळी भरून तिचीच वाट बघत होते.

"हात पुढे कर."

तिला ताम्हनातलं दही दिसलं. आंबटाने हे शिंपले विरतात.

"आई, दही आंबट होतं का हो?" तिने विचारलं.

गोदावरीबाईंना ते लागलं. या घरात आजवर दही आंबट झालेलं नाही, असं त्यांनी सुनेला सुनावलं. मग मात्र तिला खरं सांगावंच लागलं. वेणीमाधवराव पांढरेफटक पडले. पहिली पळी ते प्यायले होते.

पाणी यायचा दिवस उद्याचा, म्हणून पिंपातलंच घेऊन तिने बारीक चाळणीवर सगळं धुतलं. तीर्थ पायदळी नको म्हणून गोदावरीबाईंनी ते पाणी जास्वंदीला घातलं. भिंगाखाली शिंपले लख्ख निघाले, पण तो एक काही दिसेना. देवयानीला रडू फुटलं. सासऱ्यांच्या पोटाकडे बघायची तिची छाती होईना. ते स्वतःच पोट धरून बसले होते.

"अहो," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या, "तीर्थ घेतल्यावर हात डोक्यावरून फिरवलात की."

देवयानीने भिंग आणि ओला कुंचला घेऊन सासऱ्यांचं टक्कल धुंडाळायला घेतलं. ते श्वास रोखून बसले. शेवटी शेंडीच्या मुळाशी कुंचला थांबला. शिंपला अख्खा होता.

"मेलेले म्हणालीस," वेणीमाधवरावांनी भीत भीत विचारलं, "कधी गेले?"

"झाली असतील दोन कोटी वर्षं, बाबा."

"मग सुतक फिटलं असेल की," असं म्हणून ते तरीही अंघोळीला उठले. डोकं मात्र त्यांनी कोरडंच ठेवलं, न जाणो अजून एखादा असला तर.