सगळ्यांना टोपी घालणारा माणूस

खैरनारसाहेब माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "मुकादम, डोकं जरा इकडे करा."

आमची ओळख नुकतीच झाली होती. कतारमध्ये अल वक्राहून रास लफानच्या गॅस प्लांटला जाणारी कंपनीची बस, पहाटेची वेळ. सगळी बस माना टाकून झोपलेली. माझ्या शेजारी निळ्या कव्हरऑलमध्ये एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. झुपकेदार मिशा, मांडीवर उलटं ठेवलेलं हेल्मेट, हेल्मेटमध्ये लाल लोकरीचा गुंडा आणि हातात दोन सुया. मी आडनाव सांगितलं मुकादम, गाव रत्नागिरी, स्टोअरला नवीन लागलोय, असंही सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, वीत पसरून माझ्या डोक्याचं माप घेतलं आणि म्हणाले, "मध्यम."

महिना जुलैचा होता. बसस्टॉपवर नुसतं उभं राहूनच माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आणि हा माणूस लोकरीची कानटोपी विणत होता. आठवड्याभरात ती त्यांनी मला विकली. मी ती का घेतली, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आपल्याकडे टोपी घालणे म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. खैरनारसाहेब स्वतःच सांगायचे, "या कंपनीत मी सगळ्यांना टोपी घालतो. फक्त आधी सांगून घालतो."

गिऱ्हाईक टोपी पाहून हसलं, की ते त्याला विचारायचे, कंट्रोल रूममध्ये एसी कितीवर असतो? गिऱ्हाईक आकडा सांगायचं. मग ते म्हणायचे, "बाहेर वाळवंट आहे, पण तुम्ही बसता आत. थंडी सगळ्यांना वाजते, लोक लाजतात." हे खोटंही नव्हतं. आमच्या स्टोअरमध्ये दुपारच्या जेवणानंतर मी गुपचूप टोपी घालून बसायला लागलो. दोन दिवसांनी माझा मल्याळी सहकारी हळूच विचारून गेला, ही कुठं मिळते.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, डोकी राहायची. "तो लहान डोक्याचा वेल्डर आलाय का?" असं विचारायचे. आमच्या स्कॉटिश मॅनेजरबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "डोकं मोठं आहे, लोकर जास्त जाते. पण माणूस घासाघीस करत नाही." कोणी नवीन माणूस रुजू झाला, की आम्ही त्याचा चेहरा बघायचो आणि खैरनारसाहेब त्याच्या हेल्मेटचा पट्टा कुठल्या भोकात अडकवलाय ते बघायचे.

प्लांटच्या गेटवर त्यांच्या लोखंडी सुया एकदा सुरक्षारक्षकानं काढून घेतल्या. टोकदार वस्तू आत नेता येत नाही, हा नियम. खैरनारसाहेब वाद घालत बसले नाहीत. त्या संध्याकाळी ते वक्राच्या एका चिनी हॉटेलात जाऊन नूडल्स जेवले आणि खायच्या काड्या मागून घेऊन आले. रात्रीतून त्या घासून घासून गुळगुळीत केल्या; आता याच त्यांच्या सुया. दुसऱ्या दिवशी गेटवर डब्याबरोबर त्या ठेवल्या. रक्षकानं काड्या पाहिल्या, डबा उघडून पाहिला. डब्यात पोळी आणि मेथीची भाजी होती. त्यानं डबा बंद करून परत दिला. काड्या आत गेल्या.

हा खटाटोप कशासाठी, ते मला हळूहळू कळलं.

साहेब नाशिक जिल्ह्यातले, इन्स्ट्रुमेंटचे इंजिनियर. घरची मंडळी नाशकात, इथे एकटे. कतारला यायच्या आधी ते काही वर्षं टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गॅसच्या पाइपलाइनवर होते. तिकडे आमच्या कोकणासारख्याच काजूच्या बागा आहेत हे कळल्यावर मी जरा सरसावून ऐकायला लागलो. त्यांची राहायची खोली गावातल्या शाळेला लागून होती. ती शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा लांबच्या गावी. तिथे वसतिगृहात राहायचं. गणवेश, पुस्तकं, गादीसुद्धा आपली आपण न्यायची. ज्यांना झेपायचं त्यांची मुलं जायची. बाकीची काजू वेचायला लागायची.

"हुशार पोरं हो," ते म्हणायचे. "सातवीपर्यंत माझ्या खिडकीखाली घोकंपट्टी करायची. पुढच्या वर्षी त्याच खिडकीखालनं डोक्यावर पोतं घेऊन जायची."

मी एकदा विचारलं, की साहेब, तुमचा पगार चांगला आहे, सरळ पैसे का पाठवत नाही? हे विणत कशाला बसता?

"पाठवतोच की," ते म्हणाले. "पण पगारातनं दिलं की ते माझ्या एकट्याचं. टोपी विकली की घेणारा विचारतो, कोणासाठी? मी नाव सांगतो. मग ते पोर दोघांचं होतं."

त्यांचं हे गणित बरोबर होतं. त्या वर्षी झुहुरा नावाची एक मुलगी सातवीला होती. तिची आई बाजारात तळलेले मासे विकायची. तिकडच्या मुख्याध्यापिका फोनवर बोलून निरोप पाठवायच्या, खैरनारसाहेब त्या स्वाहिलीचं हिंदी करून बसमध्ये सांगायचे. झुहुराला इंग्रजी जड जातं, झुहुराला ताप आला होता, झुहुरा परीक्षेला बसली. ती पास झाली तेव्हा प्लांटवर मचाण बांधणाऱ्या नेपाळी कामगारांनी सगळ्या बसला चहा पाजला. तिला कोणी पाहिलेलं नव्हतं, पण जानेवारीत तिला वसतिगृहात पाठवायचं, हे सगळे धरूनच चालले होते.

नोव्हेंबरात आमच्या वसाहतीच्या मैदानावर छोटी जत्रा भरते. खैरनारसाहेबांनी वर्षभर साठवलेल्या टोप्या, मोजे, मफलर सगळं टेबलावर मांडलं आणि वर इंग्रजीत पाटी लावली, की हा पैसा आफ्रिकेतल्या मुलांच्या शाळेसाठी आहे. जत्रा रंगायच्या आत व्यवस्थापनाचा माणूस आला. बिचारा नम्रपणेच बोलला. या देशात अशा कामासाठी पैसे गोळा करायचे तर रीतसर परवानगी लागते, ती नसेल तर टेबल बंद करावं लागेल. खैरनारसाहेबांनी पाटी काढली, एकेक टोपी घडी करून खोक्यात भरली.

मी त्यांना समजावलं. पुढच्या वर्षी आधीपासून बघू, म्हटलं.

"पुढच्या वर्षी झुहुरा काजू वेचत असेल," ते म्हणाले. "मुकादम, टाका सुटला तर मागं जायचं आणि तिथून पुन्हा विणायचं. ओरडून काय टाका परत येत नाही."

मग ड्युटी संपली की हा माणूस खोका घेऊन दोह्यातल्या कचेऱ्या पालथ्या घालायला लागला. एका ठिकाणी सांगायचे, हे आमचं काम नाही. दुसरीकडे साहेब रजेवर. तिसरीकडे अर्ज अरबीत आणा. ते आणायचे. शेवटी परवाना असलेल्या एका धर्मादाय संस्थेत भेटीची वेळ मिळाली, तेव्हा मला बरोबर नेलं, कारण मला मोडकीतोडकी अरबी येते. त्यांची स्वतःची अरबी म्हणजे यल्ला, खलास, शुक्रान आणि इन्शाल्ला. भेटीच्या पहिल्या मिनिटात त्यांनी ते चारही शब्द वापरून संपवले.

समोर एक वयस्कर कतारी अधिकारी होते, पांढराशुभ्र पायघोळ झगा, चेहरा गंभीर. त्यांनी सगळं ऐकलं, एक टोपी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, की कतारमध्ये लोकरीची टोपी घेणार कोण?

खैरनारसाहेब त्यांच्याकडे टक लावून बघायला लागले. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. काही उपयोग झाला नाही.

"त्यांना म्हणावं, डोकं जरा इकडे करा."

मी ते कसंबसं अरबीत सांगितलं. अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी सावकाश डोक्यावरची काळी दोरी काढली, रुमाल काढला, दोन्ही टेबलावर ठेवलं आणि मान पुढे केली. खैरनारसाहेबांनी वीत लावली.

"मोठं," ते म्हणाले.

मी भाषांतर केलं, "ते म्हणतात, आपण मोठ्या मनाचे आहात."

अधिकारी हसले. त्यांना बहुधा हिंदी कळत असावी, आणि मराठीतलं 'मोठं'ही. मग ते म्हणाले, की थंडीत आम्ही सगळं घर घेऊन वाळवंटात तंबू टाकून राहतो. पहाटे वारा सुटतो तेव्हा नातवंडांचे कान लाल होतात, आणि दुकानातल्या टोप्या त्यांना टोचतात. त्यांनी नातवंडांसाठी टोप्या सांगितल्या. संस्थेच्या बाजारात एक टेबल देऊ केलं. पावती संस्था देईल, पैसे संस्थेमार्फत टांझानियातल्या त्या शाळेला जातील, हेही त्यांनीच सुचवलं.

पुढे जे झालं त्याला आम्ही कोणीच तयार नव्हतो. वाळवंटात तंबू टाकणारी कुटुंबं टोप्यांवर तुटून पडली. मागणी इतकी आली, की दोन हात पुरेनात. खैरनारसाहेबांनी माझ्या बायकोला, नसीमला, कामाला लावलं. नसीमनं इमारतीतल्या बाकीच्या बायकांना लावलं. मग त्यांनी बसमध्ये शिकवणी सुरू केली. पहाटेची झोप सोडून क्रेनला अवजड सामान बांधणारे धिप्पाड रिगर लोक उलटा टाका, सुलटा टाका म्हणत बसलेले मी पाहिले आहेत. मीही एक टोपी विणली. खैरनारसाहेबांनी ती दिव्याकडे धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "या मापाचं डोकं अजून जन्माला यायचंय." मग मला लोकरीचे गुंडे करायचं काम दिलं.

जानेवारीत एका दुपारी, परतीच्या बसमध्ये, मुख्याध्यापिकेचा फोटो आला. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, शेजारी पत्र्याची ट्रंक, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी उभी असलेली एक किडकिडीत मुलगी. झुहुरा वसतिगृहात पोचली होती. फोन सगळ्या बसमधून फिरून आला. मला वाटलं, साहेब आता चार शब्द बोलतील. पण त्यांनी विणतविणतच एक नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"जरा धरा. हात गुंतलेत. स्पीकर लावा."

"वहिनी का?"

"नाही, अक्का. माझी थोरली बहीण. सटाण्याला असते." पलीकडे घंटी वाजत होती. ते सुयांवरची नजर न काढता बोलत राहिले. "माझ्या इंजिनियरिंगची फी हिच्या स्वेटरांतनं गेली. ही विणायची, मी समोर बसून लोकर धरायचो. सातवीला ही तालुक्यात पहिली आली होती."

"मग?"

"घरात एकालाच पुढं शिकवायची ऐपत होती," ते म्हणाले. "आणि मुलगा मी होतो."

तेवढ्यात फोन उचलला गेला. म्हातारा, खणखणीत आवाज आला, "बोल बापू." बापूंनी बातमी सांगितली. अक्कानं बारीकसारीक चौकशा केल्या. पोरगी रडली का, वसतिगृहात जेवण कसं आहे, आई स्टँडवर सोडायला आली होती का. सगळ्याची उत्तरं मिळाल्यावर ती गप्प झाली. मला वाटलं, लाइन तुटली. मग तिचा आवाज पुन्हा आला, बराच खाली आलेला, या वयात विचारू नये असं काहीतरी विचारत असल्यासारखा.

"बापू, आठवीत काय काय असतं रे?"

खैरनारसाहेबांच्या सुया थांबल्या. बसमध्ये त्या थांबलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. हरेक गिऱ्हाइकाला तोंडावर उत्तर देणारा हा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. आजवर हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि यांनीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बीजगणित असतं, अक्का," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे एक संख्या आपल्याला माहीत नसते. तिला क्ष म्हणायचं. आणि ती शोधून काढायची."

"कशी?"

त्यांनी विणकाम हेल्मेटमध्ये ठेवलं आणि फोनच्या जवळ सरकले. वक्रा यायला अजून बराच वेळ होता. मी फोन तसाच धरून बसलो.