चार नंबरच्या कोर्टाचा दुभाषी

निकाल द्यायला तीन साहेब आणि त्यांचं इंग्रजी तिथल्या चिनी लोकांच्या बोलीत सांगायला दुभाषी एकच, तोही क्वोंग सामकूचा मुलगा कामहोई. एक नंबरच्या कोर्टात चोराला शिक्षा ऐकवून तो दोन नंबरात धावायचा, तिथे सासूने सुनेला घातलेल्या शिव्या साहेबांसाठी धुऊन पुसून सांगायचा, तोवर तीन नंबरचा शिपाई दारात उभाच. आणखी माणूस द्या म्हटलं की रजिस्ट्रार थॉर्नली साहेब म्हणत, लंडनला कळवलंय. लंडनचे कान कुठल्या बाजूला होते कोण जाणे.

चार नंबरचं कोर्ट बंदच होतं. तिथले हेसकेथ साहेब वसंतात निकाल वाचता वाचता खुर्चीतच गेले, आणि त्यांचे खटले बाकीच्या तिघांच्या डोक्यावर आले. चार हा आकडाच मरणाचा, चिनी बोलीत दोन्ही शब्द कानाला सारखेच. त्या खुर्चीकडे कोणी बघेना.

सामकू कोर्टात सगळ्यांचा चहा करायची आणि सगळ्यांना बोलायची. सातवा महिना लागला, मेलेल्यांना मोकळं सोडतात तो, आणि ऐन चहाच्या वेळी चार नंबरातून हेसकेथ साहेबांची घंटी वाजली. शिपाई पांढरे पडले. सामकूला भीती नाही, राग आला. जिवंतपणी माणसं पुरली नाहीत म्हणून मेल्यावरही बोंब मारतोय म्हणाली. मेलेल्याला जे हवं ते कागदाचं करून जाळायचं, एवढं तिला कळत होतं. साहेबाला माणसं हवी होती.

कागदाच्या वस्तू करणाऱ्या लो म्हाताऱ्याकडून तिने शिपाई, कारकून आणि दुभाषी करून घेतले. दुभाष्याचं तोंड रंगवायचं राहिलं होतं. रंग घोटतोय, जरा थांब, लो म्हणाला. थांबणं सामकूच्या रक्तात नव्हतं.

"हे काम आहे का? याच्यापेक्षा मांजर बरं रंगवेल," ती म्हणाली. "आण इकडे. तोंड कशाला हवंय त्याला? माझ्या घरचा दुभाषी रात्रंदिवस बोलतोच आहे."

"सामकू, तोंडावाचून दुभाषी जाळू नये."

पण ऐकते ती सामकू कसली. तिने तिघांना कोर्टाच्या मागच्या अंगणात जाळलं.

घंटी थांबली. मग बंद दाराआडून कागद उलटल्याचा आवाज यायला लागला. बाहेरचं बाकडं भर उन्हाळ्यात गार पडलं आणि कोणी बसलेलं नसताना मधेमधे करकरायचं. माणसं मिळाली तसं कोर्ट चालू झालं, आणि कोर्ट चालू झालं की खटले येतातच. मेलेल्यांची भांडणं काय थोडी असतात.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कामहोई डबा सोडून उठला. सामकू मागोमाग गेली. चार नंबरात तो साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभा होता, रिकाम्या पिंजऱ्याचं ऐकून रिकाम्या खुर्चीला इंग्रजीत सांगत होता. मधेच थांबायचा, मान हलवायचा, पुढे बोलायचा. बाहेर आल्यावर त्याला काही आठवेना. रोज तेच. आठवड्याभरात त्याचा आवाज नुसता वारा झाला. थॉर्नली साहेबांनी दारातून एकदा डोकावून बघितलं आणि लंडनला कळवलं म्हणे, की चार नंबरचं काम न्यायाधीशाशिवाय सुरळीत चाललंय. कामहोईला मात्र म्हणाले, आवाज परत आला नाही तर दुभाषी म्हणून ठेवता येणार नाही.

त्या दिवशी सामकू मान खाली घालून लोच्या दुकानात गेली. असं तिला कोणी पाहिलं नव्हतं.

"दुसरा दुभाषी कर, तोंड घालून दे," ती म्हणाली. "चांगलं घाल. बोलणारं."

लोने ब्रश उचलला. रंगवताना दर रेघेला तो तिच्याकडे बघत होता.

"माझ्याकडे काय बघतोस?"

"म्हातारे डोळे, सामकू. कुठेतरी बघावं लागतं."

दुसरा दुभाषी जाळला. तिसऱ्या दिवशी कामहोई डबा शेवटच्या शितापर्यंत जेवला, जागचा हलला नाही, आणि भात करपलाय असं खणखणीत आवाजात म्हणाला. सामकूने आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकून घेतलं.

दुपारी चार नंबरची घंटी परत वाजली. आता चहाच हवा असणार. तिने कप नेऊन रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि वळली. मागून आवाज आला. सामकूचाच आवाज, तसाच्या तसा, नाकातून काढलेल्या वाक्याच्या शेवटासकट.

"साहेब विचारतात, हा चहा आहे का? याच्यापेक्षा बंदरातलं पाणी बरं. जा, परत उकळून आण. आणि वळून बघू नकोस, कामं पडलीयेत."

  मागे न बघता हात लांबवून सामकूने कप उचलला आणि बाहेर आली. दारात कामहोई उभा होता.

"आई, आत कोणाला ओरडत होतीस?"

"कोणाला नाही," ती हळूच म्हणाली. तिने कप तोंडाला लावला, बराच वेळ घोट घोळवला, आणि चूल पेटवायला गेली. चहा खरंच पाणचट होता.