परबांचा पांढरा फिल्टर

बोरिवलीच्या सुखदीप सोसायटीत धूळ नव्हती. शेजारच्या तीन इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात होत्या, रहिवासी सकाळ-संध्याकाळ खोकत होते. पण धुळीबाबत लेखी तक्रार आलेली नव्हती. लेखी तक्रार नसलेली गोष्ट अस्तित्वात नसते, असे सेक्रेटरी विद्याधर कर्णिक यांचे प्रशासकीय मत होते आणि खोकला ऋतुबदलाचा होता.

या सुखात विघ्न आणले बी विंगच्या जयवंत परबांनी. केटरिंगची भांडी भरून उड्डाणपूल चढताना त्यांची पिकअप गाडी धापा टाकी आणि रिक्षावाले पुढे जाताना टाटा करीत. हे परबांच्या फार जिव्हारी लागे. शेवटी त्यांनी कुर्ल्याहून स्वस्तातला कोल्ड एअर इंटेक आणून बसवला. म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा पोचवणारा एक वाकडा पाइप आणि त्याच्या तोंडाशी नारळाएवढा पांढराशुभ्र फिल्टर. जुना फिल्टर बंद डब्यात असल्यामुळे तो कोणी पाहिला नव्हता.

गाडी झकास पळू लागली. पुढच्या रविवारी परबांनी धुण्यासाठी फिल्टर काढला, तर तो तव्यासारखा काळा. बघायला अख्खी सोसायटी लोटली. संध्याकाळी तातडीची सभा झाली. वेफर्स होते.

"हा फिल्टर यायच्या आधी इथे धूळ होती?" कर्णिकांनी विचारले. कोणालाच आठवेना.

"अहो, धूळ बाजूच्या तोडकामाची! फिल्टरने नुसती पकडली," परब म्हणाले.

"कोणाच्या परवानगीने? उद्या आपल्या पुनर्विकासासाठी बिल्डरचा माणूस येतोय. त्याने हे बघितलं तर आपला भाव पाडेल. फिल्टर काढा, नाहीतर पार्किंग सोडा."

"पार्किंग गेलं तर धंदा बसेल हो माझा!" परबांचा आवाज चिरकला. त्यांची दया सगळ्यांनाच आली, पण मत कोणी दिले नाही.

तेवढ्यात खजिनदार कुंदाताई म्हणाल्या, "काळ्या रंगाचा नाही का मिळत?"

टाळ्या पडल्या. फिल्टर, पडदे आणि रुमाल यापुढे काळेच वापरावेत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. परबांचे पार्किंग वाचले. आनंदाने त्यांनी सर्वांना सोलकढी पाजली.

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला आणि म्हणाला, "वा! काय स्वच्छ परिसर आहे." सगळ्यांनी समाधानाने छाती भरून श्वास घेतला. हे वाचता वाचता तुम्हीही पाच-पंचवीस घेतलेच असतील. दिसलं काही?